फोन चालू ठेव

"ताई, नवरा झोपला हाय. पन कवा उठंल, नेम नाई."

बाईचा आवाज इतका बारीक होता की गीतांजलीनं मोबाईल कानाशी दाबून धरला. अमरावतीतल्या एका संस्थेसाठी ती अडचणीतल्या बायकांचे फोन घ्यायची. पगार नव्हता, आपखुशीचं काम. संस्थेच्या दामिनीताई कितीदा म्हणाल्या, ऑफिसात येऊन बसत जा. ती म्हणायची, "घरूनच जमते मले."

"नाव काय तुयं? कुठून बोलून राहिली?"

"चंदा. वरूडहून. काल त्यानं तापल्या तव्यानं..." पुढचं तिला बोलवेना. "लेकरू पाहून राहिलं होतं, ताई."

"लेकरू कुठी हाय?"

"मायापाशीच, मांडीवर."

"मंग आजच निघ."

"आज? ताई, मले भेव लागते."

"भेव लागनारच. तो उठल्यावर कमी होईन काय?"

पलीकडे खाट करकरली. दोघी श्वास धरून राहिल्या. मग घोरणं पुन्हा सुरू झालं.

"पैंजण काढ," गीतांजली म्हणाली. "लेकराचे बी. पिशवी घेऊ नोको, लोक इचारतात. आधार कार्ड पोलक्यात ठेव. अन् कडी आधी वर उचल, मंग सरकव. वाजत नाई."

"तुमाले हे सारं कसं मालूम?"

"शिकवलं आमाले. चाल आता, स्टँडवरून अमरावतीची गाडी धर. फोन चालू ठेव."

कडी खरंच वाजली नाही. चपलांचा आवाज, कुत्र्याचं भुंकणं, मग एका पुरुषाचा आवाज, "कुठी निघाली, वयनी?"

गीतांजलीनं डोळे मिटले.

"लेकराले ताप हाय, दवाखान्यात नेऊन राहिली," चंदा म्हणाली. पावलं भराभर पडू लागली.

एसटी स्टँडवर अमरावतीची गाडी लागलेली होती. ड्रायव्हर मात्र चहाला गेला होता. चंदा मागच्या सीटवर बसली आणि लगेच तिचा आवाज फाटला.

"ताई! त्याची फटफटी! तो आला!"

"खाली बस. सीटच्या मधात. लेकराले छातीशी धर. बोलू नोको."

फटफटीचा आवाज वाढत गेला. अगदी खिडकीखाली येऊन तो थांबला. लेकरू कुरकुरलं आणि गप्प झालं. गीतांजली ओठ चावत उभी होती. कुणीतरी हाका मारल्या, कुणीतरी हॉर्न दिला, आणि फटफटी पुन्हा सुरू होऊन लांब गेली. थोड्या वेळानं कंडक्टरची घंटी वाजली.

"सुटली, ताई. गाडी सुटली." चंदा हुंदके देऊन रडायला लागली.

"रड," गीतांजली म्हणाली. "आता रडलं तरी चालते."

तिनं लगेच दामिनीताईंना कळवलं. त्या अमरावतीच्या स्टँडवर थांबायला निघाल्याच. "शाब्बास, पोरी! आतातरी एकदा भेट. तुयं तोंडबी पाह्यलं नाई आमी."

"येईन कधीतरी."

बाहेर स्कूटर थांबली. गीतांजलीनं घाईनं दोन्ही नंबर पुसले, मोबाईल बंद केला आणि ज्वारीच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून खाली दाबला. पदरानं तोंड पुसलं.

किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला, आणि सकाळी जाताना नवऱ्यानं दाराला बाहेरून लावलेलं कुलूप उघडलं.