चिखलाचा गोळा

केशोरीच्या तलावाच्या पाळीवर दुर्गेश्वरी लॅपटॉप घेऊन बसली होती. जगभरातले लोक मिळून एक सॉफ्टवेअर फुकट लिहीत होते. त्यांच्यात वागणुकीचे नियम मोडणाऱ्याला थांबवायचं काम तिच्याकडे होतं. आज नियम मोडला होता उमेंद्रदादाने, तिला कोडिंग शिकवणाऱ्या चुलतभावाने. एका नवख्या मुलीला सगळ्यांदेखत नाही नाही ते बोलला होता. पाण्यात ढग तरंगत होते. त्यांत तिला तिने आणि दादाने लहानपणी पाहिलेले तिचे बाबा दिसले: आपली पाळी नसताना पाणी घेतलं म्हणून सख्ख्या भावाच्या, दादाच्याच वडिलांच्या, धानाच्या बांधीत जाणारं पाणी चिखलाच्या गोळ्याने अडवणारे, मग त्याच भावाला आपल्या डब्यातला भात वाढणारे. तिने दादाचं खातं महिनाभरासाठी बंद केलं आणि फोन लावला. “दादा, जेवला का?” “गोळा घट्ट लावला ना?” दादाने विचारलं. “पाझरू देऊ नोको.”