म्हशीचा खुराक

बसा सिस्टर, माझ्या पोरीला सलाईन का लागलंय त्याची गोष्ट सांगतो. हसू नका मात्र.

ही माझी धाकटी. तोंडभर मुरुम उठले, तशी ओढणी बांधूनच कॉलेजला जायला लागली. माझा दुधाचा धंदा. आमच्या म्हशीची कातडी खरबरीत झालेली, केस झडत होते. गुरांच्या डॉक्टरनं खुराकात कालवायला मिनरल मिक्श्चर दिलं. म्हणाला, "यात झिंक असतं, कातडी सुधारते." अन् म्हैस अशी चकाकली, की येईल त्याला मी गोठ्यात नेऊन दाखवायचो. आत पोरगी ऐकत होती.

आज सकाळी हिच्या उलट्या थांबेनात. हिची आई गोठ्यात गेली, तर मिक्श्चरच्या पिशवीत घरातला चमचा.

म्हटलं, "अगं, म्हशीचं कशाला खाल्लंस?"

"रोज तिचंच तर कौतुक करता," म्हणाली, अन् भिंतीकडं तोंड फिरवलं.

सिस्टर, म्हशीला किती घालायचं ते मी झोपेतसुद्धा सांगीन. पोरीला काय द्यावं, द्यावं का नाही, मला काहीच कळत नाही. ती उठली की जरा जवळ बसा. तिला मुरुमांवर झिंकची गोळी लागते का, किती, जेवून घ्यायची का, मोठ्या डॉक्टरला विचारून तिला सांगा. अन् तेवढी ओढणी सोडायला सांगा. इथंसुद्धा तोंडावर धरूनच झोपलीय.