रणगाड्यांची कॅसेट

"व्हिडिओ गेमची कॅसेट अठराशेला? अहो, आम्ही वीस रुपयांत बदलून आणायचो," सुलक्षणा म्हणाली.

"तेव्हा ती जुनी नव्हती ना, ताई," दुकानदार हसला.

जुन्या वस्तूंचं हे चौथं दुकान. तिचे पाय भरून आले होते. अर्धांगवायूनंतर दादाचे ओठ वाकडे झाले होते. डॉक्टरांनी फुगा फुगवायचा व्यायाम सांगितला, तर तो फुगा हातातसुद्धा धरत नव्हता. रणगाड्यांच्या खेळात तरी त्याचा जीव रमेल, एवढीच तिची आशा. घासाघीस करायचं त्राण उरलं नव्हतं. तिने पैसे दिले.

घरी तिने माळ्यावरचा गेम टीव्हीला जोडला. दादाने कॅसेट उलटी केली आणि लहानपणीच्या सवयीने धूळ उडवायला आत फुंकर मारली. अर्धी हवा ओठांच्या कोपऱ्यातून निसटली.

सुलक्षणा बघतच राहिली. मग तिने कॅसेट घेतली आणि मुद्दामच अर्धवट खोचली. पडदा कोराच.

"धूळ आहे अजून. फुंक परत," ती म्हणाली.

"येडे, तुला कधी धड लावताच आली नाही," दादा अडखळत म्हणाला आणि त्याने गाल फुगवले.