धोंडिबाची बेरीज

"धोंडिबा? शक्यच नाही!" उमाताई स्क्रीनवर डोळे रोखून म्हणाल्या.

पंच्याण्णव साली अंबरनाथच्या त्या कारखान्यात मंदी आली होती. शरदचंद्र साहेबांचं फर्मान निघालं, एक माणूस कमी करायचा. गेल्या वर्षी ज्याच्या रजा सगळ्यांत जास्त तो जाईल, मग तो बॉयलरवरचा असो की ऑफिसातला. नावापुढे मुलं किती तेही लिहा म्हणाले. आणि कॉम्प्युटरनं पहिलं नाव काढलं ते बॉयलरवाल्या धोंडिबाचं. चार लेकरांचा बाप! कुणकुण लागल्यापासून बिचारा कॉम्प्युटर-रूमच्या दाराबाहेर, सगळ्यांनी काढून ठेवलेल्या चपलांशेजारी बसून होता.

"गुरुदत्ता, बघ रे बाबा. हा माणूस तर दिवाळीलाही कामावर असतो."

शेजारच्या टेबलावरून गुरुदत्त उठला. पोरगा हुशार आणि मनानं सोनं. गेल्या वर्षी आईच्या दुखण्यात पार पिचला होता. तेव्हा त्याचं काम उमाताईंनीच ओढलं होतं.

"ताई, तुम्ही रजांची यादी आणि मुलांची यादी आधी जॉइन केलीत, मग बेरीज मारलीत. धोंडिबाची मुलं चार, म्हणून त्याची एकेक रजा चारदा मोजली गेली. आणि ज्याला मूलच नाही, तो तर बेरजेत आलाच नाही."

"अगबाई! मग आता?"

त्यानं खुर्ची पुढे ओढली. "रजांची बेरीज आधी वेगळी करायची, सबक्वेरीत. मुलांचीही वेगळी. मग दोन्ही नावाला जोडायच्या."

"मग कर ना, देवासारखा धावलास!"

त्यानं टाइप केलं. "दाबू, ताई?"

"विचारतोस काय? दाब!"

प्रिंटर कुरकुरायला लागला. धोंडिबाचं नाव पार खाली गेलेलं स्क्रीनवर दिसताच उमाताई अनवाणीच बाहेर धावल्या.

"वाचलास रे!"

धोंडिबा ढसाढसा रडला. "ताई, लई उपकार झालं तुमचं."

"माझे कसले? त्या गुरुदत्ताचे मान. त्याच्या लग्नात नाच हो चांगला!"

तेवढ्यात गुरुदत्त बाहेर आला. खांद्याला पिशवी, पिशवीत डबा आणि टेबलावरचा त्याचा कप. धोंडिबा पाया पडायला वाकला, तसं त्यानं त्याला वरच्यावर धरलं.

"चहाला चाललास?"

"घरी जातो, ताई. मागच्या वर्षी तुम्ही केलंत, त्याची आई अजून आठवण काढते." तो हसला आणि चपला घालून गेला.

गुणाचं पोर, असं म्हणत उमाताई आत आल्या आणि त्यांनी प्रिंटरवरचा कागद फाडला. पहिलं नाव गुरुदत्तचं होतं, आणि पुढे मुलांच्या रकान्यात शून्य.