अपिलाचा साक्षीदार

सैन्यात असताना आमचा ट्रक दरीत घसरला आणि माझा गुडघा कायमचा गेला. निवृत्तीनंतर पेन्शनसाठी मेडिकल बोर्डाने अपंगत्व लिहिलं फक्त वीस टक्के. "जिना चढताना तुमचा जीव जातो, आणि म्हणे वीस टक्के! अपील करा," म्हणून बायको हात धुऊन मागे लागली.

अपिलाला अपघात डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार हवा होता. तसा एकच माणूस होता, त्या ट्रकचा ड्रायव्हर. अपघातानंतर तोही कंबर धरून कण्हत होता, पण तुकडीत ड्रायव्हर कमी होते. तुकडीचा प्रमुख म्हणून अहवालात मी लिहिलं, 'ड्रायव्हरला इजा नाही. कामचुकारपणा करतो.' आणि तिसऱ्या दिवशी त्याला पुन्हा ट्रकवर बसवला.

इतक्या वर्षांनी कोणत्या तोंडाने फोन करणार? तरी केला. "येतो की साहेब," एवढंच म्हणाला.

आला. अपिलाच्या ऑफिसची लिफ्ट बंद होती. कठड्याला धरून, पायरीपायरीवर थांबत तो तीन मजले चढला. खुर्चीत बसायलाही त्याला दोन्ही हात टेकावे लागले. मग माझ्या गुडघ्याबद्दल सगळं खरं खरं सांगून त्याने सही केली.

त्याच्याकडे बघत क्लार्कने सहज विचारलं, "तुम्हीही त्याच ट्रकमध्ये होतात ना? मग तुम्हाला किती टक्के मिळाले?"



"मला कुठे काय झालं होतं?" तो म्हणाला. "साहेबांनीच तसं लिहून दिलंय."