कार्ड बसलं

“बाबा, याची खाच वेगळी आहे. हे कार्ड यात बसणारच नाही,” लेक म्हणाली. नव्या कम्प्युटरचं झाकण काढून ती जमिनीवर मांडी घालून बसली होती.

रेकॉर्डिस्टने हातातलं साउंड कार्ड उलटसुलट करून पाहिलं. जुना कम्प्युटर गेल्या आठवड्यात कायमचा झोपला होता. नवा दणकट होता, पण या कार्डाविना त्याच्या लेखी तो नुसता डबा.

“कशाला जीव टाकताय त्याच्यावर? आता सगळं सॉफ्टवेअरमध्येच होतं.”

“होत असेल. मला यावरच जमतं.”

खरं कारण तो सांगू शकत नव्हता. त्याची बायको लहान मुलांची गाणी गायची. एक कंपनी ती घ्यायची, आणि रेकॉर्डिंग व्हायचं ते इथेच, काचेने दोन भाग केलेल्या मागच्या खोलीत. पण गेली काही वर्षं तिचा वरचा सूर उतरायला लागला होता. गाणं सुटलं तर ही बाई कोमेजेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती गाऊन उठली की तो दार लावून घेई. कार्डावरच्या चिपा खास आवाजावर काम करण्यासाठीच बनवलेल्या. उतरलेला सूर त्या अलगद वर उचलत. मूळ रेकॉर्डिंग मात्र तो कधी पुसत नसे; जुनी सवय. नवी सॉफ्टवेअरंही त्याने गुपचूप करून पाहिली होती. त्यांतून बायकोचा आवाज निघे, बायको निघत नसे.

“बाबा, फोन वाजतोय.”

“अं?”

“फोन! जाऊ दे, आईने घेतला.”

थोड्या वेळाने बायको दारात आली. “कंपनीच्या बाई होत्या. नवं गाणं याच आठवड्यात हवंय. बसतंय का हो कार्ड?”

“नाही बसलं तर?” त्याने विचारलं.

“नाही कसं? बसवायचंच,” ती लेकीला म्हणाली. “त्याच्याशिवाय यांना चैन पडायचं नाही.”

लेकीने शोधाशोध करून जुनी कार्डं बाहेरून जोडायची एक पेटी मिळवली. कार्ड त्यात बसलं, पण कम्प्युटर त्याला ओळख दाखवेना. कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, जुन्या कम्प्युटरांसाठी लिहिलेला, आणि बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. अखेर इंटरनेटवर कुणा हौशी माणसाने स्वतःपुरता लिहिलेला ड्रायव्हर सापडला. तो टाकला तर पडदा निळा होऊन सगळं ठप्प. लेक स्वतःशीच पुटपुटली, कुठलीशी सुरक्षा-तपासणी बंद केली आणि कम्प्युटर पुन्हा सुरू केला. ऑपरेशन थिएटरबाहेर उभं राहावं तसा रेकॉर्डिस्ट तिच्या मागे उभा होता.

“दिसलं, बाबा! नाव आलं बघा!”

त्याने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको गायली. तो हेडफोन लावून ऐकत होता.

“बाबा, तुमच्या हेडफोनमधलं गाणं बाहेर ऐकू येतंय,” लेक दारातून ओरडली. त्याने हातानेच तिला गप्प केलं.

वरचा सूर आजही उतरला. त्याने काचेपलीकडे अंगठा उंचावला. “झकास!”

बायको उठून गेल्यावर त्याने दार लावलं. कार्डाने सूर उचलला, अगदी पूर्वीसारखा. त्याने तो पुन्हा पुन्हा ऐकला. छातीवरचा धोंडा उतरला. मग त्याने बायकोला हाक मारून गाणं ऐकवलं.

ती डोळे मिटून ऐकत राहिली. “छान केलंत हो,” ती म्हणाली. “पाठवू?”

मेल पाठवण्याचं काम नेहमी तिच्याकडेच असायचं. टाइप करायचा त्याला भारी कंटाळा. तो बाहेरच्या खोलीत जाऊन खुर्चीत रेलला आणि कितीतरी दिवसांनी निवांत झोपला.

बायकोने कम्प्युटरसमोर बसून कंपनीच्या बाईंना फोन लावला.

“झालं बाई एकदाचं. कार्ड चाललं, यांचा जीव भांड्यात पडला. कान उतरलेत ते यांचे, पण यांना ते कळू द्यायचं नाही,” ती हसून म्हणाली. “हो, गाणं आत्ताच पाठवते. नेहमीसारखंच, यांनी सुधारायच्या आधीचं.”