दोघींची केबिन

"गर्दी आवडते की शांतता?" सल्लागाराने विचारलं.

"शांतता. जहाज लहानच हवं," मास्तरीणबाई म्हणाल्या.

क्रूझच्या सहली विकणारा हा माणूस जरा निराळाच होता. आलेल्या गिऱ्हाइकाला आधी बजेट विचारायचं नाही, आवडनिवड विचारायची, हा त्याचा खाक्या. जहाज आणि माणूस यांचं लग्न जमवावं लागतं, असं त्याचं म्हणणं. नाचगाण्याची हौस असलेला माणूस पुस्तकवाल्यांच्या जहाजावर चढला, की तो आठवडाभर तिथल्यांचं डोकं खातो आणि परत आला की सल्लागाराचं.

बाकीची माणसं या प्रश्नांना अडखळतात. नवरा बायकोकडे बघतो, बायको छताकडे. मास्तरीणबाई मात्र धडाधड उत्तरं देत होत्या. खोली खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मधोमध, कारण तिथे हेलकावे कमी. बाल्कनी नको, खिडकी पुरे. जेवण पहिल्या पाळीत. बंदरं मोजकीच. जन्मात कधी साध्या होडीत पाय न ठेवलेल्या बाईला हे सगळं सुचलं तरी कसं? सल्लागाराने तसं विचारलंही. आपण आयुष्यभर भूगोल शिकवला, एवढंच त्या म्हणाल्या, आणि त्याला ते पटलं.

मग त्याने ओशाळून अडचण सांगितली. जहाजावरच्या खोल्या दोघांच्या हिशेबाने विकतात. एकट्या माणसाला दुसऱ्याचाही बराचसा भार उचलावा लागतो. पण सध्या एक सवलत चालू होती आणि तीत बाईंना स्वतंत्र खोली अगदी थोड्या फरकाने मिळत होती. नशीबच म्हणायचं, असं तो म्हणाला.

"एकटीची खोली नको," मास्तरीणबाई म्हणाल्या. "ती घरी आहेच."

खोटं नव्हतं ते. नवरा गेल्यापासून घर नुसतं खायला उठायचं. भाजी कितीही कमी केली तरी उरायचीच. टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईला त्या "अगं, जरा हळू बोल" म्हणून सांगायच्या, इथवर मजल गेली होती. मुलगा परदेशात. रविवारी त्याचा फोन यायचा, गोळ्या घेतेस ना, दार नीट लावतेस ना, चल ठेवतो. सुरुवातीला त्या त्याच्याशी वडिलांविषयी बोलायच्या. मग एकदा तो म्हणाला, आई, किती दिवस तेच ते. तेव्हापासून त्यांनी तोंडाला कुलूप लावलं. मैत्रिणींनी तर त्याआधीच विषय बदलायला सुरुवात केली होती. एखादं माणूस हवं होतं, ज्याला ह्या विषयाचा कंटाळा येणार नाही, एवढीच काय ती मास्तरीणबाईंची मागणी होती. जहाज वगैरे नंतरच्या गोष्टी.

सल्लागाराने कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं आणि मग खुर्चीतच सावरून बसला. त्यांच्यासारखीच एक बाई सोबतीण शोधत थांबली होती. तेच जहाज, तोच मजला, खिडकीसुद्धा तशीच. इतकी वर्षं या धंद्यात काढली, पण अशी जोडी बघितली नाही, असं म्हणून तो स्वतःवरच खूश झाला.

"हो का?" म्हणून मास्तरीणबाई रस्त्याकडे बघत राहिल्या.

कंपनीचा नियम असा, की अनोळखी माणसांना एका खोलीत घालायचं तर आधी ऑफिसात समोरासमोर बसवायचं. एकमेकींच्या खोडी मोकळेपणी सांगायच्या, पटलं तर सही, नाहीतर रामराम. पुढच्या आठवड्यात मास्तरीणबाई दोन बस बदलून वेळेच्या आधीच येऊन बसल्या. घराशेजारीच सहलींचं एक ऑफिस होतं, पण त्यांना हेच हवं होतं. त्यांनी इस्त्रीची साडी नेसली होती. ही बाई नाही म्हणाली, तर पुन्हा ते घर आणि तो टीव्ही. दुसरं कोणी शोधण्याचा प्रश्नच नव्हता.

ती आली. चष्म्याच्या दुकानात काम करणारी, बारीक अंगाची, हसताना तोंडावर हात धरणारी. सल्लागाराने "या आमच्या मास्तरीणबाई" म्हणून ओळख करून दिली आणि तो चहा सांगायला गेला. मास्तरीणबाईंनी हातातला उघडा पासपोर्ट, नावाचं पान खाली येईल असा, टेबलावर पालथा ठेवला.

खोडींना सुरुवात झाली. मास्तरीणबाईंनी आपण घोरतो हे कबूल केलं. चष्मेवाली म्हणाली, घोरा खुशाल, खोलीत कोणाचा तरी आवाज असला की मला बरं वाटतं. दोघी हसल्या. मास्तरीणबाईंना आठवेना, आपण शेवटचं कधी हसलो होतो. किती बरं वाटलं त्यांना!

मग चष्मेवाली गंभीर झाली.

"माझी खोड जरा विचित्र आहे," ती म्हणाली. "लग्न नाही झालं माझं. पण एकजण होते. वर्ष होत आलं त्यांना जाऊन. याच जहाजाने जायचं म्हणत होते. त्यांच्याविषयी कोणाशी बोलायची सोय नाही, म्हणून मी रोज संध्याकाळी त्यांच्याच नंबरवर मेसेज टाकते. दुकानात कोण आलं, कुठल्या ऑफिसात नाव नोंदवलं, जहाजावरची कुठली खोली पसंत केली, सगळं. जहाजावरही टाकत बसेन, तुम्ही घाबरू नका."

मास्तरीणबाईंनी पालथा पासपोर्ट आपल्याकडे ओढून घेतला.

"आणि गंमत बघा, वाचल्याची खूण येते. नंबर दुसऱ्या कोणाला तरी मिळाला असणार. तो बिचारा काय म्हणत असेल! बंद करायला हवं मी हे, नाही का?"

सल्लागार चहा घेऊन येताना दिसला. आता गप्प राहिलं, तर जहाजभर खोटं वागावं लागणार होतं. बोललं, तर जहाजही गेलं आणि ही बाईही गेली. त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला.

"बंद नका करू," त्या म्हणाल्या. "ह्यांचा फोन माझ्याकडेच असतो. तुमचा मेसेज वाचल्याशिवाय मला झोप लागत नाही."